फुलराणीचं मराठी, बातम्यांचं मराठी

ऑनसाइटला पाठवायच्या आधी आमच्या बॅचला दोन दिवसांचं एक ट्रेनिंग होतं. इंग्रजी सगळ्यांनाच येत होतं, पण क्लायंटला फोनवर कळेल असं बोलायला शिकवायचं म्हणे. एक बाई आल्या, त्यांनी प्रत्येकाला एक-एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला आणि प्रत्येकाचा गाव उच्चारावरून ओळखून दाखवला. बॅच हसली. मीही हसलो.

मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण माझं असलं ट्रेनिंग आधीच झालं होतं. फुकट. मी भुसावळचा. पुण्यात इंजिनिअरिंगला आलो, पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये 'पानी' मागितलं आणि पुढे वर्षभर माझं नाव 'पानी' होतं. घरी आजी डोळ्याला 'डोया' म्हणते हे तर मी चार वर्षांत कुणाला कळू दिलं नाही.

तर मंडळी, आजचा विषय भक्ती बर्वे. (याचा नि त्याचा काय संबंध? सांगतो.)

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. एकच चॅनल, काळं-पांढरं, तेही मुंबईच्या आसपास. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसायला लागलं. बातम्या देणारे चेहरे मोजकेच, त्यामुळे जे होते ते घरातलेच होऊन गेले. स्मिता पाटील तिथलीच आणि भक्ती बर्वेसुद्धा तिथल्याच. निवेदन आणि बातम्या. आज दिवसभर कुणी ना कुणी आपल्यावर ओरडत असतं, त्यामुळे तेव्हाच्या बातम्यांचं महत्त्व कळणं अवघड आहे. शांतपणे, एकही अक्षर न गिळता वाचायच्या. 'ण' तो 'ण', 'ळ' तो 'ळ'. मराठी कसं बोलावं याचा जणू रोजचा नमुनाच.

आणि १९७५ मध्ये हीच बाई स्टेजवर आली ती फुलं विकत, तोंडात बातम्यांमध्ये कधीही चाललं नसतं असं मराठी घेऊन.

'ती फुलराणी' म्हणजे पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून केलेलं नाटक. उच्चारशास्त्राचा एक प्रोफेसर पैज लावतो की या फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवून मोठ्या लोकांत खपवून दाखवीन. शॉचा हिगिन्स इथे अशोक जहागीरदार झाला आणि एलायझाची झाली मंजुळा साळुंके. पहिल्या संचात प्रोफेसर होते सतीश दुभाषी. (तेही १९८० मध्ये गेले, फार लवकर.)

माझी मावशी तेव्हा गिरगावात राहायची. तिने सांगितलेली गोष्ट. नाटक बघताना शेजारच्या बाई मध्यंतरापर्यंत मानायलाच तयार नव्हत्या की ही बातम्यांवाली भक्ती बर्वे. "ती कशी हो असली बोलेल!" मला ही गोष्ट ऐकून एकदम लक्षात आलं की नाटकाची अर्धी गंमत तिथेच होती. प्रेक्षकांनी या बाईचं 'शेवटचं' मराठी रोज घरात ऐकलेलं होतं. प्रोफेसर मंजुळेला जिथे न्यायला निघालाय तिथे ही बाई रोज संध्याकाळी बसलेलीच आहे. म्हणजे फुलवालीची भाषा हा तिचा नैसर्गिक दोष नव्हे आणि बातम्यांची भाषा हा तिचा जन्मसिद्ध गुणही नव्हे. दोन्ही कमावलेलं. नाटक जे तीन तास सांगतं ते तिच्या नुसत्या असण्यातच होतं.

त्या नाटकातलं मास्तरला धडा शिकवायचं स्वगत तुम्ही ऐकलं असेलच. ऐकलं नसेल तर तुम्ही मराठी शाळेच्या गॅदरिंगला कधी गेला नाहीत. गंमत म्हणजे शॉच्या मूळ नाटकात असं स्वगत नाहीच. ते आहे 'माय फेअर लेडी' या १९५६ च्या संगीतिकेत, गाण्याच्या रूपात. पुलंनी गाणं काढलं, पण लय ठेवली. जवळजवळ पद्यच, फक्त चाल नाही. त्यामुळे सगळा भार नटीच्या श्वासावर.

मी आंतरकॉलेज स्पर्धांमध्ये हे स्वगत किती मुलींकडून ऐकलंय याची गणती नाही. बहुतेकींचं एकच तंत्र: आवाज चढवायचा, कंबरेवर हात, 'न' नि 'ण'ची अदलाबदल, प्रेक्षकांत हशा. मी मागच्या रांगेत बसून हसायचो आणि मनात म्हणायचो, हे तर माझ्या घरचं बोलणं आहे.

भक्ती बर्वेंचं रेकॉर्डिंग मी पुष्कळ उशिरा, यूट्यूबवर पाहिलं. हसू आलंच, पण उच्चारांना नाही. तिला उच्चाराची चूक 'दाखवायची' नाहीये. मंजुळेला आपलं बोलणं चुकीचं वाटतच नाही, तिला राग आलाय, बस. राग येतो, मग त्यातून स्वप्न रंगतं, स्वप्नात ती स्वतःच मोठी होते, आणि मग आवाज कुठेतरी किंचित ओला होतो. त्या जागी मी रेकॉर्डिंग तीनदा मागे घेतलं. माझ्या मते तिच्या आणि इतरांच्या मंजुळेत हाच फरक. (सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनीही ही भूमिका पुढे केली. अमृताची मला आवडते. पण पहिलं ते पहिलं, काय करणार.)

फुलराणीच्या सावलीत बाकीचं झाकलं जातं. सुधा करमरकरांच्या बालरंगभूमीपासून सुरुवात, मग विजया मेहतांचं 'अजब न्याय वर्तुळाचा', पुढे अशोक पाटोळेंचं 'आई रिटायर होतेय', ज्यात घरची आई एक दिवस जाहीर करते की आता मी निवृत्त. १९९० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार. आमच्या ऑफिसातल्या अमराठी मंडळींना मात्र त्या माहीत आहेत 'जाने भी दो यारों'च्या (१९८३) शोभाजी म्हणून. 'खबरदार'ची ती संपादिका, जी सत्य शोधता शोधता बिल्डरला ब्लॅकमेल करायला निघते. आतल्या गाठीची बाई आणि तोंडावर कायम साखर. बातम्या वाचायचा तोच विश्वासू आवाज इथे किती चालू वापरलाय बघा.

आणि एक गोष्ट, माझ्यासाठी सगळ्यात मोठी. दूरदर्शनच्या टेलिफिल्ममध्ये त्यांनी बहिणाबाई चौधरी केल्या. बहिणाबाई आमच्या जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता न येणारी बाई. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी उतरवून ठेवली म्हणून उरली. त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. म्हणजे डोळ्याचा डोया. माझ्या आजीचाच. जिने महाराष्ट्राला प्रमाण मराठी ऐकवलं तिनेच 'डोया' म्हणणारी बाई उभी केली हे मला हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी कुणी सांगायला हवं होतं. असो.

शफी इनामदार त्यांचे यजमान. 'ये जो है ज़िंदगी'मुळे घराघरांत पोचलेले. ते १३ मार्च १९९६ ला हार्ट अटॅकने गेले. ईडन गार्डनवर श्रीलंकेविरुद्धची ती सेमीफायनल होती, तोच दिवस. पुलं गेले १२ जून २००० ला. त्यानंतर बरोबर आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २००१ ला, वाईहून मुंबईला येताना मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर अपघात झाला आणि त्यात भक्ती बर्वे गेल्या. वय ५२. रस्ता तेव्हा पूर्ण खुलासुद्धा झाला नव्हता.

मी महिन्यातून दोनदा त्या रस्त्याने जातो. परवा जाताना गाडीत ते स्वगत लावलं. सोबत भुसावळहून आलेली आजी होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पोरगी कोनती रे, आपल्याकडली का?"

मी म्हटलं, हो.