डोंगर गावचा, दगड कुणाचा?



आपल्या आज्यांच्या घरात दगड किती होता ते आठवा. जातं दगडाचं, पाटा-वरवंटा दगडाचा, उखळ दगडाचं, न्हाणीतली फरशीही दगडाचीच. जात्याला टाकी लावायला टाकारी यायचे, दगड फोडायला वडार यायचे. घराच्या जोत्याला दगड लागला तर घरधनी गाडी जुंपून माळावर जायचा आणि घेऊन यायचा. तेव्हाही डोंगर फुटत होता, पण पहारीनं आणि सुतकीनं माणसाच्या दंडात जेवढं बळ तेवढाच.

मग हा डोंगर गावाच्या हातून गेला कधी? आज ग्रामसभेत उभं राहून “त्या खाणीचं काहीतरी करा” म्हटलं की “ते आमच्या हातात नाही” असं उत्तर येतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. हे उत्तर कुठून आलं, आणि उरलेलं अर्धं काय, ते आज सांगायचं आहे. आम्ही ते एकेक कागद हुडकत शिकलो, कारण आमच्यावर तशी वेळ आली.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. पुढच्या दहा-बारा वर्षांत बोरघाट आणि थळघाट फोडून रूळ वर देशावर चढले. रुळाखाली खडी लागते, पुलाला घडीव दगड लागतो. मग १८७९ साली मुंबई इलाख्यासाठी जमीन महसुलाचा कायदा झाला. जी जमीन कुणाच्या मालकीची नाही ती सरकारची, आणि खनिजावरचा हक्क सरकारनं राखून ठेवला आहे, असं त्यात लिहिलं गेलं. माळ होता तिथंच होता, गुरंही तिथंच चरत होती, पण कागदावर पोटातला दगड सरकारचा झाला.

इंग्रज गेले. कागद तसाच राहिला. आता इथं जरा थांबू या, कारण गोम इथंच आहे.

१९५७ साली दिल्लीत खाणी आणि खनिजांचा कायदा झाला. लोखंड, कोळसा ही मोठी खनिजं. इमारतीचा दगड, मुरूम, वाळू यांना नाव दिलं ‘गौण खनिज’ आणि त्यांचे नियम करायचं काम राज्यांकडे सोपवलं. गौण म्हणजे बिनमहत्त्वाचं! ज्या दगडावर मुंबई-पुणं उभं राहिलं तो गौण. सरकारी भाषा अशीच असते. लगेच १९५८ साली ग्रामपंचायतींचा कायदा आला. पंचायतीकडे दिवाबत्ती, पिण्याचं पाणी, साफसफाई, गावातले रस्ते असली कामं आली. आणि १९६६ साली महाराष्ट्राचा स्वतःचा जमीन महसूल कायदा झाला. त्याच्या ४८ व्या कलमात खनिजावरचा सरकारचा हक्क पुन्हा लिहिला. चोरून दगड काढला तर दंड महसूल खात्यानं करायचा, हेही त्याच कलमात आहे.

झालं काय, तर धूळ पडते ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि दगडाचं दप्तर तहसील कचेरीत. एकाच गावात दोन सरकारं. एक आपण निवडून दिलेलं, त्याच्याकडे झाडू. दुसरं वरून आलेलं, त्याच्याकडे किल्ली. तलाठी भाऊसाहेबांचं नाव आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं आणि ग्रामसेवकांचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’, पण ही वाटणी बदललेली नाही.

तहसीलच्या दप्तरात डोंगर ब्रासनं मोजतात. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. किती ब्रास निघाला, किती स्वामित्वधन भरलं, यालाच आपण रॉयल्टी म्हणतो. ते भरलं की सरकारचा हिशोब पुरा झाला. कुणाच्या भिंतीला तडा गेला, कुणाच्या विहिरीचं पाणी गढूळ झालं, हे लिहायला त्या वहीत रकानाच नव्हता. अधिकारी चांगला की वाईट ही पुढची गोष्ट. आधी रकानाच नव्हता, हे लक्षात घ्या.

आमच्या भागात काय झालं ते थोडक्यात सांगतो. नावं घेत नाही. दुपारी सुरुंग उडाला की फळीवरची भांडी खाली येतात. उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या कुरडया संध्याकाळी दाताखाली करकरतात. हा गटाचा माल आहे, तो बाजारात कोण घेणार? पहिला अर्ज पंचायतीत दिला, तो तहसीलला पाठवला असं सांगण्यात आलं. तहसीलमध्ये म्हणाले, रॉयल्टी भरलेली आहे, धुळीचं बघायला प्रदूषणवाले आहेत. तिथं विचारलं तर सुरुंगाचं आमच्याकडे नाही म्हणाले. अर्ज फिरत राहिला आणि क्रशर चालत राहिला. तेव्हा आम्हाला प्रश्न पडला, की इतक्या वर्षांत कुणाचीच तक्रार तडीस गेली नसेल का?

गेली आहे. त्यासाठी आपल्याला उत्तरेला, डेहराडूनला जावं लागेल.

डेहराडून आणि मसुरीच्या डोंगरात चुनखडीच्या खाणी होत्या. सुरुंगानं उतार ढासळले, झाडी गेली, दगड-माती वाहून झऱ्यांत साचली. तिथल्या एका संस्थेनं १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. साधं पत्र! न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं, तज्ज्ञांची समिती डोंगरावर पाठवली आणि १२ मार्च १९८५ रोजी हुकूम दिला. मसुरी शहराच्या हद्दीतल्या खाणी आणि ज्या सगळ्यांत घातक ठरल्या त्या कायमच्या बंद. खाणवाल्यांचं नुकसान होईल हे न्यायालयानं मान्य केलं, पण लोकांना निरोगी परिसरात जगता यावं म्हणून ती किंमत द्यावी लागेल असंही सांगितलं. आणि आणखी एक गोष्ट, जी आम्हाला फार मोलाची वाटते. ज्या मजुरांचं काम गेलं त्यांना तिथंच झाडं लावण्याच्या आणि माती अडवण्याच्या कामावर शक्य तितक्या लवकर घ्या, असं त्या हुकुमात होतं.

पण हुकूम झाला म्हणजे सगळीकडे खाण थांबली असं नाही. त्याच खोऱ्यात नाहीकला नावाचं गाव आहे. तिथल्या ओढ्यावर पूर्वी पाणचक्क्या चालायच्या, दळण तिथंच व्हायचं. खाणीच्या मलब्यानं ओढा भरला आणि चक्क्या बंद पडल्या. खाण मात्र चालूच. १९८६ साली गावच्या बायांनी खाणीच्या वाटेवर ठिय्या दिला आणि ट्रक वर जाऊ दिले नाहीत. चिपको आंदोलनात झाडाला मिठी मारणाऱ्या बाया आपल्याला ठाऊक आहेत. या त्यांच्याच पुढच्या फळीतल्या, फक्त इथं झाडाऐवजी ओढा होता. त्यांच्यावर हल्ले झाले, तरी त्या तिथून उठल्या नाहीत. कोर्टातला कागद आणि वाटेवरच्या बाया, दोन्ही लागलं. यातलं एकच असतं तर ओढा वाचला नसता, असं आमचं मत आहे.

त्याच सुमाराला आपल्या वहीत नवे रकाने पडत होते. १९८१ साली हवा प्रदूषणाचा कायदा आला. तेव्हापासून क्रशर चालवायला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली क्रशरची प्रमाणं ठरली. ती नीट ऐका, कारण डोळ्यांनी तपासता येतात. धूळ दाबायची यंत्रणा हवी. वारा अडवायला भिंत हवी. आवारातला रस्ता पक्का हवा. जमीन नियमित झाडून त्यावर पाणी मारायला हवं. कडेनं झाडांचा पट्टा हवा. आणि यंत्रापासून ४० मीटरवर हवेतली धूळ एका घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. शेवटचं मोजायला यंत्र लागतं. पहिली पाच बघायला आपले डोळे पुरतात.

सुरुंगाचा रकाना तर त्याआधीचा आहे. १९५२ च्या खाण कायद्यात लहान उघड्या दगडखाणींना बरीच सूट होती, पण ती केव्हा? खोली ६ मीटरच्या आत, एका दिवशी कामावर ५० पेक्षा जास्त माणसं नाहीत आणि स्फोटकं वापरत नाहीत तेव्हा. सुरुंग उडवला की ती सूट गेली. मग खाण सुरक्षेचं केंद्राचं जे खातं आहे, त्याचं लक्ष तिच्यावर असायलाच हवं. ही गोष्ट आम्हाला तालुक्याला कुणीच सांगितली नव्हती. पुस्तकातच सापडली.

पंचायतीचं काय? १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, आपल्याला राखीव जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. १९९६ साली आदिवासी भागांसाठी ‘पेसा’ कायदा आला. त्या भागांत गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घेणं बंधनकारक आहे. ज्या बहिणी डहाणू, अक्कलकुवा, धडगाव, धानोरा भागांतून ऐकत आहेत, त्यांच्या हातात हे हत्यार आहे. आमचं गाव त्या यादीत नाही. आमच्या ग्रामसभेचा ठराव तहसीलदारांच्या टेबलावर पोचतो, पण त्यांचा हात तो बांधत नाही. एकाच राज्यात शेजारच्या तालुक्यातली ग्रामसभा आधी विचारली जाते आणि आपली विचारली जात नाही, हे आम्हाला पटत नाही. दगड तर दोन्हीकडे सारखाच फुटतो.

२०१२ साली आणखी एक मोठी गोष्ट झाली. तोवर ५ हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण साडेबारा एकरांपेक्षा लहान खाणीला पर्यावरण परवानगीची गरज नव्हती. मग लोकांनी काय केलं असेल? तुकडे पाडले! मोठी खाण चार नावांवर चार लहान खाणी. हरियाणातल्या दगड-वाळूच्या लिलावांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २७ फेब्रुवारी २०१२ ला निकाल झाला, की लहान पट्ट्यालाही पर्यावरण परवानगी लागेल. पुढच्या वर्षी महाराष्ट्रानं गौण खनिजांचे नवे नियम केले. २०१५ मध्ये महसूल कायद्यातला बेकायदा उत्खननाचा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत गेला आणि यंत्रं, वाहनं जप्त करण्याचा अधिकार आणखी पक्का झाला. त्याच वर्षी जिल्हा खनिज प्रतिष्ठानची तरतूद आली. खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी हा निधी असतो. आपल्या जिल्ह्यात तो कुठं खर्च झाला हे विचारायला माहितीचा अधिकार आहेच, २००५ पासून.

आता जरा अवघड बोलायचं आहे. आमच्याच गटात एकीच्या मुलानं गटाचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला आणि तो खडी वाहतो. दुसरीचा नवरा डंपरवर आहे. खाणीच्या कडेला पत्र्याच्या खोपटात राहणाऱ्या दगड फोडणाऱ्या बायांची धूळ तर आपल्यापेक्षा दसपट. आपल्या कुरडयांवर पडते तीच त्यांच्या छातीत जाते. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींवर मजुरांच्या मुलांसाठी ‘पाषाण शाळा’ काढाव्या लागल्या, कारण ती पोरं कुठल्याच गावच्या पटावर नव्हती. बैठकीत यावरून भांडण झालं. दोघी उठून गेल्या. आम्ही अर्ज मागे घेतला नाही, पण तो नव्यानं लिहिला. आधी “खाण बंद करा” एवढंच होतं. आता त्यात सुरुंगाची वेळ ठरवून आधी भोंगा द्या, पाणी मारा, भिंत बांधा, मोजणी करून पट्ट्याबाहेर किती दगड गेला ते सांगा, मजुरांची छाती तपासा, असं एकेक लिहिलं आणि ज्याचं त्याच्या खात्याला वेगळं पाठवलं. मोजणीचं तहसीलदारांना, धुळीचं प्रदूषण मंडळाला, सुरुंगाचं खाण सुरक्षावाल्यांना. प्रत्येकीवर पोच घेतली. उठून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली आणि तिनं छाती तपासणीच्या अर्जावर पहिली सही केली.

पंचायतीकडेही पुन्हा गेलो, वेगळ्या कामासाठी. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथं आम्ही सुरुंगाची वही वाचून दाखवली. त्यात तारीख, वेळ, कुणाच्या घराला काय झालं, ते तिच्या सहीनं किंवा अंगठ्यानं लिहिलेलं असतं. ते ठरावात घ्यायला लावलं. पंचायतीला दगडावर अधिकार नसेल, पण आपल्या हद्दीत काय घडलं हे लिहून ठेवण्याचा आहे. तिच्या शिक्क्याचा ठराव जोडल्यावर तहसीलमधून मंडल अधिकारी पंचनाम्याला आले. जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथंही हेच कागद नेले.

मोजणी अजून व्हायची आहे. क्रशरच्या संमतीपत्राची नक्कल माहितीच्या अधिकारात मिळाली आहे. तीन पानं आहेत आणि त्यात भिंत, झाडं, पाणी सगळं लिहिलेलं आहे. भिंत जागेवर नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा आहे, तिथं ही तीन पानं मोठ्यानं वाचायची ठरलं आहे.