लोणारमध्ये लॉज काढताय? कंपनीचं नाव घेण्याआधी हा हिशेब मांडा

लोणार : उल्कापातानं तयार झालेलं लोणार सरोवर 2020 मध्ये रामसर यादीत गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि गावाचं नाव देशभर पोचलं. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. रस्त्यामुळं येणं सोपं झालं, पण पाहून त्याच दिवशी परत जाणंही सोपं झालं. म्हणून पर्यटक किती येतात यापेक्षा मुक्कामाला किती राहतात, हे लॉजवाल्यानं आधी बघावं.

मर्यादित सेवेचं हॉटेल म्हणजे काय?
आपल्याकडं हॉटेल म्हटलं की चहा-नाश्ता आठवतो. इथं मात्र स्वच्छ खोली, धुतलेली चादर, गरम पाणी, गाडी लावायला जागा आणि फार तर सकाळचा नाश्ता, एवढंच द्यायचं. मोठं स्वयंपाकघर नाही, मंगल कार्यालय नाही. जेवण शेजारच्या खानावळीतून. त्यामुळं माणसं कमी लागतात आणि खर्च आटोक्यात राहतो. टाटांच्या ताज समूहाची 'जिंजर' हॉटेलं याच विचारातून निघाली.

फ्रँचायझी घेतली तर
इमारत, कर्ज आणि नोकर तुमचे. नाव, ऑनलाइन बुकिंग आणि नियम कंपनीचे. त्याबदल्यात कंपनी टक्केवारी घेते. ही टक्केवारी बहुतेक वेळा नफ्यावर नसून विक्रीवर असते. तोटा झाला तरी ती द्यावीच लागते.

उदाहरणादाखल हिशेब
समजा 10 खोल्या आहेत आणि भाडं 1,500 रुपये. धुलाई, साबण, पाणी, वीज मिळून एका खोलीमागं रोज 300 रुपये. पगार, कर्जाचा हप्ता वगैरे ठरलेला खर्च महिन्याला 1 लाख 20 हजार.

• स्वतःच्या नावावर : खोलीमागं 1,200 उरतात. महिन्याला 100 खोल्या भरल्या की खर्च निघतो.
• कंपनीला 20 टक्के दिले तर : 300 रुपये कंपनीचे, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 54. उरले 846. आता 142 खोल्या भराव्या लागतात.

म्हणजे कंपनीच्या नावामुळं महिन्याला किमान 42 खोल्या जास्त भरल्या, तरच बरोबरी.

जीएसटीचं काय?
22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे. पण इनपुट क्रेडिट मिळत नाही. त्यामुळं कंपनीला दिलेल्या रकमेवरचा जीएसटी परत मिळत नाही.

सही करण्याआधी विचारा
• टक्केवारी कशावर? सवलतीचा भार कोणावर?
• तुमच्या ओळखीनं थेट आलेल्या गिऱ्हाइकावरही टक्केवारी लागते का?
• करार किती वर्षांचा? मधेच सोडला तर दंड किती?
• रंगरंगोटी, गाद्या, पाटी यांचा खर्च कोणाचा?

परवानग्या
सरोवर परिसर अभयारण्य आहे. जागा घेण्याआधीच नगर परिषद आणि वनविभागाकडं बांधकामाची चौकशी करा. नाश्ता देणार असाल तर अन्न परवाना हवा. परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करणं बंधनकारक आहे.

बांधकामाला हात घालण्याआधी गावातल्या चालू लॉजवर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात किती खोल्या भरतात, हे स्वतः जाऊन बघा. कंपनीच्या कागदापेक्षा तो आकडा जास्त खरा.