हळदीचे पेव आणि विद्येची नोंद

वाचकहो, आपल्या भागात लग्न हिंदूंचे असो वा मुसलमानांचे, आधी अंगाला हळद लागते. मूल खेळताना पडले, गुडघा फुटला, तर आई डॉक्टरांच्या आधी हळदीचा डबा शोधते. या साध्या सवयीमागे केवढा इतिहास आहे, याचा आपण क्वचितच विचार करतो.

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, तरी कृष्णा एकच राहिली आणि हळदही! वाईच्या शेतापासून सांगलीच्या पेठेपर्यंत तिचाच पिवळा रंग. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी व्यापाऱ्यांनी जमिनीत खोल पेवे खणली. तोंड अरुंद, पोट मोठे. तोंड बंद केले की आत प्राणवायू कमी होतो, कीड जगत नाही आणि हळकुंडे वर्षानुवर्षे टिकतात. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतते. आधी हवा खेळू द्यावी लागते. हे शास्त्र हमालांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

हळदीत मुख्य गुण दोन द्रव्यांचे. एक पिवळे कर्क्युमिन. ते १८१५ साली फ्रान्समध्ये प्रथम वेगळे काढले गेले. दुसरे तिचे सुगंधी तेल. ते वाफेबरोबर उडून येते आणि त्यात टर्मेरोन नावाची द्रव्ये असतात. कर्क्युमिन जंतूंची वाढ रोखते, असे १९४९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेलातही जंतू व बुरशी रोखण्याचा गुण प्रयोगशाळेत आढळला आहे. हवेमुळे पदार्थ खवट होण्याची क्रियाही ही द्रव्ये मंदावतात. मात्र काचेच्या बशीत जंतू मेले म्हणजे माणसाचा रोग बरा झाला, असे नव्हे. खोल जखमेला डॉक्टरच हवा.

आता खरा मुद्दा. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या आजीचे ज्ञान परक्याच्या मालकीचे झाले! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. पण ‘आमच्या घरी पूर्वापार करतात’ एवढे सांगून भागत नव्हते; लेखी पुरावा हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले उतारे आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय मासिकातील लेख पुढे ठेवण्यात आला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. वैद्यांची हरिद्रा आणि हकिमांची जर्दचोब एकाच बाजूने साक्षीला उभ्या राहिल्या.

याउलट हरिपूरची गोष्ट पाहा. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, असंख्य पेवे निकामी झाली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण पेव कसे खणावे, कसे भरावे, केव्हा उघडावे, हे जाणणारे हात आता वृद्ध होत आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत एक वही घ्या. आजीला, हमालाला, शेतकऱ्याला विचारा व लिहून ठेवा. जे लिहिले गेले, ते परक्या न्यायासनापुढेही टिकले. जे लिहिले नाही, ते एका पुरात वाहून जाते.