पहिल्या टँकपासून शेवाळ सोबतच आहे

शेवाळाचा प्रश्न फिश टँकइतकाच जुना आहे. ज्या प्रयोगातून आजचं अ‍ॅक्वेरियम जन्माला आलं, त्याच प्रयोगाच्या टिपणात शेवाळही हजर आहे.

माझा टँक दोन फुटी. मी भिवंडीत घरातूनच काम करतो. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट, टेबलाशेजारी टँकमध्ये व्हॅलिस्नेरियाची फितीसारखी लांब पानं आणि एक अनुबियास. अनुबियास फार हळू वाढतं. त्याचं एकेक पान महिनोन्महिने टिकतं, म्हणून शेवाळालाही बसायला तेच सापडतं. पानांच्या कडेला काळ्या दाढीसारखे झुपके दिसायला लागले तेव्हा धाकट्या चुलतभावाने विचारलं, "दादा, यावर औषध नाही मिळत का?" मिळतं. पण हा प्रश्न माणसांनी आजवर कसकसा सोडवला ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता आपल्याच शहरातल्या तळ्याच्या काठाशी येऊन पोचलो.

सुरुवात लंडनची. रॉबर्ट वॉरिंग्टन हा तिथला रसायनतज्ज्ञ. १८४९ मध्ये त्याने बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, तळाशी वाळू, माती, दगड टाकले आणि दोन छोटे गोल्डफिश व एक व्हॅलिस्नेरिया सोडलं. हिशोब साधा होता. मासा कार्बन डायऑक्साइड सोडेल, वनस्पती तो घेऊन उजेडात ऑक्सिजन देईल, पाणी बदलावं लागणार नाही. पण व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजू लागली. पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा बुळबुळीत थर धरला. मग वॉरिंग्टनने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं आणि बुळबुळीत सगळं फस्त केलं. वर त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली. १८५० मध्ये त्याने हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. मासा आणि झाड एवढ्या दोघांवर संसार चालत नाही, साफसफाई करणारा तिसरा लागतो, हे त्यातून कळलं.

ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहायला 'फिश हाउस' उघडलं आणि घरोघरी टँक ठेवायचं वेड पसरलं. टँकबरोबर शेवाळही घरोघरी गेलं.

पुढचा उपाय आला पाणीपुरवठ्यातून. १९०४ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यातल्या जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी दाखवलं की, साठवणीच्या पाण्यात अगदी थोडं कॉपर सल्फेट टाकलं तरी शेवाळ मरतं. कॉपर सल्फेट म्हणजे आपलं मोरचूद, द्राक्षबागांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणातलं. अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणाऱ्या शेवाळनाशकांपैकी काहींमध्ये आजही तांबंच असतं. चुलतभावाला मी हेच सांगितलं : ते टाकलं की शेवाळ मरेल, पण गोगलगायी आणि कोळंबीही मरतील, नाजूक झाडं पिवळी पडतील. शिवाय मेलेलं शेवाळ पाण्यातच कुजणार आणि नव्या शेवाळाला खत होणार. वॉरिंग्टनची कुजकी पानं पुन्हा हजर.

शेवाळ मुळात खातं काय, याचं ठळक उत्तर एका तळ्याने दिलं. कॅनडात ऑन्टारियोमध्ये संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातलं २२६ क्रमांकाचं तळं मधोमध चिंचोळं आहे. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी तिथे आडवा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात त्याच दोन्हीबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, शेजारचा जवळजवळ होता तसाच राहिला. वरून काढलेला तो फोटो नेटवर सापडतो, नक्की बघा. साबणाच्या पावडरींमधलं फॉस्फेट तळी बिघडवतं की नाही, या त्या काळच्या वादात या फोटोने मोठं काम केलं.

टँकवाल्यांनी हा धडा उचलला. १९९०च्या दशकात पॉल सिअर्स आणि केविन कॉनलिन या दोघांनी मांडलं की झाडांना बाकीची सगळी खतं द्या, फक्त फॉस्फेट तुटपुंजं ठेवा. झाडं त्यातलं बहुतेक उचलतील, शेवाळ उपाशी राहील. अनेकांचे टँक त्याने सुधारले. मग अमेरिकेतला टॉम बार म्हणाला, मी माझ्या टँकमध्ये मुद्दाम फॉस्फेट टाकतो, तरी शेवाळ येत नाही. त्याच्या टँकमध्ये झाडं दाट होती, कार्बन डायऑक्साइड भरपूर होता आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं जात होतं.

म्हणजे शिंडलर चुकला? नाही. त्याच्या तळ्यात उघडं पाणी होतं, बारच्या टँकमध्ये झाडांचं राज्य होतं. जपानच्या ताकाशी अमानोचे टँक बघितले की हे डोळ्यांना कळतं. १९८०च्या दशकात शेवाळ खाणारी कोळंबी टँकवाल्यांच्या जगात त्यानेच लोकप्रिय केली, तिला आज 'अमानो श्रिम्प' म्हणतात. पण कोळंबी हाताखाली असते, मुख्य काम जोमाने वाढणारी झाडं करतात.

याच गोष्टीची तळ्यांसाठीची मांडणी १९९३ मध्ये डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी केली. उथळ तळ्याला दोन स्थिर अवस्था असतात. एकीत तळाशी झाडं असतात आणि पाणी नितळ राहतं. दुसरीत पाणी हिरवं आणि गढूळ, तळाशी झाडं नाहीत. सांडपाण्यातून खत वाढत गेलं तरी झाडं बराच काळ तग धरतात. एका मर्यादेनंतर मात्र शेवाळ उजेड अडवतं, झाडं मरतात, धरून ठेवायला मुळं नसल्याने गाळ ढवळला जातो आणि तळं दुसऱ्या अवस्थेत जातं. यातली वाईट बातमी पुढे आहे. जेवढं खत वाढल्यामुळे तळं बिघडलं, तेवढंच कमी करून ते परत येत नाही. त्याहून कितीतरी खाली यावं लागतं. जायची वाट आणि यायची वाट वेगळी.

कामतघरला वऱ्हाळा देवीचा तलाव आहे. काठावर देवीचं मंदिर आहे, शहराच्या पिण्याच्या पाण्याचा हा एक जुना स्रोत आहे आणि गणपतींचं विसर्जनही इथे होत आलंय. चारी बाजूंनी शहर त्याला भिडलंय. अशा तळ्यात पडणारं निर्माल्य म्हणजे वॉरिंग्टनची कुजकी पानं, आणि गटारातून येणारं साबणाचं पाणी म्हणजे शिंडलरचा फॉस्फरस. जलपर्णीचंही तसंच. आपल्याकडे उल्हास नदीत ती दिसते. ती बाहेर काढली की पाण्यातलं खतही तिच्यासोबत बाहेर येतं, हे चांगलंच. पण काढून काठावरच ढीग लावला, तर कुजून सगळं पावसाबरोबर परत पाण्यात.

माझ्या टँकमध्ये आता दिवा सहा तासच लागतो. आठवड्याला निम्मं पाणी बदलतो, पिवळं पडलेलं पान लगेच कापतो आणि भरभर वाढणारं हायड्रिला अनुबियासच्या पुढ्यात लावलंय. दाढी पूर्ण गेलेली नाही, पण नवी पानं स्वच्छ येतायत. छाटलेली झाडं आणि नको झालेले मासे तलावात न सोडणं, हाही याच कामाचा भाग आहे.

टँक हाताबाहेर गेला तर एखाद्या रविवारी सगळा रिकामा करून नव्याने लावता येतो. नवी वाळू, नवं पाणी, नवी झाडं. तलावाला असा रविवार नसतो. म्हणून गटाराचं पाणी वळवणं, निर्माल्य कलशात टाकणं, मूर्ती कृत्रिम तलावात सोडणं हे सगळं पाणी हिरवं होण्याआधी करायचं असतं.