नागपूरच्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याचा छोटा टँक: लाइट कोणता घ्यायचा, पाणी गार कसं ठेवायचं?

टेबलावर मावणाऱ्या ४०-५० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकला ‘नॅनो’ म्हणतात. दिसायला भारी, पण पाणी कमी असल्याने तो पटकन तापतो. त्यात शहर नागपूर! २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. क्लाउनफिश आणि प्रवाळांना पाणी लागतं साधारण २४ ते २७ अंशांचं. ते दिवसेंदिवस ३० च्या वर राहिलं, तर पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. शिवाय प्रवाळ आपल्या पेशींमधलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

म्हणून लाइट आणि गारवा यांचा विचार एकत्रच करायचा.

लाइट बदलताना काय बघायचं?

आधी वॅट बघा. लाइट जेवढी वीज खातो, तिची शेवटी उष्णताच होते. प्रश्न एवढाच, की ती पाण्यात जाते की बाहेर. मेटल हॅलाइड दिवा उष्णतेचे किरण थेट पाण्यावर टाकतो. एलईडीची बरीचशी उष्णता मागच्या हीटसिंकमधून वर निघून जाते. २४ वॅटच्या दोन टी-५ ट्यूबऐवजी ३० वॅटचा चांगला एलईडी लावला, तर १८ वॅट तिथेच वाचले. फक्त हीटसिंकवर झाकण किंवा कपडा नको.

लुमेनच्या आकड्याला भुलू नका. लुमेन माणसाच्या डोळ्यासाठी मोजतात आणि आपल्या डोळ्याला निळा प्रकाश कमी जाणवतो. प्रवाळातलं शैवाल मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश छान वापरतं. त्यामुळे ‘पार’चा आकडा विचारा. पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश.

नवा लाइट पहिल्याच दिवशी १०० टक्क्यांवर लावू नका. ४०-५० टक्क्यांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला ५-१० टक्के वाढवा. एकदम जास्त प्रकाशानेही ब्लीचिंग होतं. रोज ८ तास पुरतात. भर दुपारी लाइट बंद ठेवा, त्यासाठी स्मार्ट प्लगवर वेळ सेट करा.

फॅनचं गणित

उन्हाळ्यात नागपूरची हवा कोरडी असते, आणि हा आपला फायदा आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा फॅन तिरपा लावला की बाष्पीभवन वाढतं, अगदी घरच्या कूलरसारखं. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. दिवसभरात १ लिटर उडालं, तर जवळपास २८ वॅटचा दिवा २४ तास जळून जेवढी उष्णता देईल, तेवढी बाहेर गेली.

हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी गार होण्याची मर्यादा २३ अंशांच्या आसपास येते. पावसाळ्यात ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला हीच मर्यादा २९ होते, म्हणजे तेव्हा फॅनचा फारसा उपयोग नाही. बंद खोलीत कूलर चालू असेल तरी हाच अडथळा येतो. कूलर लावा, पण खिडकी उघडी ठेवा.

पाणी उडालं, मीठ उडालं नाही

४० लिटरच्या टँकमधून ४ लिटर पाणी उडालं, तर क्षारता ३५ वरून जवळपास ३९ होते. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही आरओ-डीआय फिल्टरच्या शून्य टीडीएस पाण्याची. खारं पाणी घालू नका. ऑटो टॉप-ऑफ लावला तर हे काम आपोआप होतं.

वीज गेली तर?

बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा. अर्धा लिटरची बंद बाटली गोठवून टँकमध्ये सोडा. नुसता बर्फ वितळताना ४० लिटर पाणी साधारण १ अंशाने उतरतं. एकावेळी एकच बाटली वापरा, कारण झटका गरमीइतकाच वाईट.

चिलर कधी घ्यायचा?

फॅन आणि एसी लावूनही पाणी २८ च्या खाली येत नसेल, तर कॉम्प्रेसरवाला चिलर घ्या. तो पाण्यातली उष्णता खोलीत टाकतो. बंद कपाटात ठेवलात तर तो स्वतःच्याच गरम हवेत गुदमरेल.

दोन गोष्टी विसरू नका

खारं पाणी आणि वीज एकत्र आहेत. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबेल अशी वळवा, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जाणार नाही. लाइनवर आरसीसीबी हवाच.

आणि कायदा. भारतात सर्व दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. ‘समुद्रातून आणलेला लाइव्ह कोरल’ कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. सुरुवात पैदास केंद्रातल्या क्लाउनफिशच्या जोडीने करा. त्यांना महागडा लाइट लागत नाही, आणि तुमच्या टँकने एक अख्खा मे महिना कसा काढला हेही कळेल.