तपकिरी शिरेचा मका

हुबळीच्या कमरीपेठेत सकाळच्या चहात पडणारे दूध बहुधा म्हशीचे असते आणि ती म्हैस बहुधा कडब्यावर पोसलेली असते. धारवाडच्या प्रसिद्ध पेढ्याचे मूळही अखेर याच गव्हाणीत आहे. गेल्या काही दशकांत या मुलुखात मक्याचा पेरा पुष्कळ वाढला व ज्वारीच्या कडब्याशेजारी मक्याची ताटे येऊन पडली. म्हैस त्यांची पाने ओढून खाते. बुंध्याकडचा जाड भाग मात्र तशीच टाकून देते.

तिची ही निवड अगदी शास्त्रशुद्ध आहे. ताटाला ताठपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य त्या भागात अधिक असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्म जंतू सेल्युलोज फोडू शकतात. लिग्निनपुढे त्यांचे काही चालत नाही. शिवाय ते सेल्युलोजला असे लपेटून बसते की, पचण्याजोगा अंशही वाया जावा. वैरणीचा मका कणीस पक्व होण्याआधीच कापण्याचा शेतकऱ्याचा रिवाज यावरचाच उपाय होय.

दुसरा उपाय योगायोगाने सापडला. 1924 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या शेतावर मक्याच्या काही रोपांच्या पानांची मधली शीर तपकिरी दिसली. हा आनुवंशिक दोष आहे एवढे लवकरच ठरले. पण पुढील चाळीस वर्षे ती रोपे आनुवंशशास्त्रज्ञांच्या नोंदवहीतील एक गंमत म्हणूनच राहिली. गुरांचा विचार कोणाच्या मनात आला नाही! 1964 साली कुच आणि नेल्सन यांनी त्यांच्या लिग्निनचे पृथक्करण प्रसिद्ध केले, तेव्हा ते नेहमीच्या मक्याहून निराळे असल्याचे स्पष्ट झाले. पुढे गुरांवर प्रयोग झाले. अशा जातींपैकी तिसरीत लिग्निन विशेष कमी भरते; ते घडविणाऱ्या एका विकराचा तीत अभाव असतो, हे 1995 साली उकलले.

धारवाडच्या दृष्टीने अधिक जवळची घटना 1978 ची. रसायनाच्या साह्याने ज्वारीतही तशीच तपकिरी शीर उत्पन्न केल्याचे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या वर्षी जाहीर केले. कडब्याची पारख बाजाराला नसते असे कोणी समजू नये. हैदराबादच्या कडबाबाजाराचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात पचनीयता शेकडा 47 वरून 52 वर गेली की भाव सुमारे पावपट चढतो, असे आढळले. प्रयोगशाळेचे तोंड न पाहिलेले व्यापारी नुसत्या नजरेने व हाताने हे ओळखत होते.

मग ही जात सर्वत्र का पसरली नाही? ताटातील लिग्निन कमी झाले की ताट वाऱ्याने लोळते आणि उत्पन्नही घटते. अमेरिकेतील गोपालक मका दाण्यांसकट हिरवाच कापून मुरघास घालतो. 1990 नंतरच्या दशकात तेथे असे संकरित बियाणे बाजारात आले व दुधातील वाढीने उत्पन्नातील तूट भरून निघते असा हिशेब मांडला गेला. धारवाडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला आधी दाणा हवा. कणसाचा भार पेलीत त्याचे ताट दाणा वाळेपर्यंत उभे राहिले पाहिजे, आणि तेच ताट नंतर म्हशीच्या पोटात विरघळलेही पाहिजे.