टाकी कोणाच्या मापाची?

१/ सन १९५१. चर्नी रोड स्थानकाजवळ, मरीन ड्राइव्हवर, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. एका पारशी दानशूराच्या देणगीने उभ्या राहिलेल्या या वास्तूने गिरगाव-परळच्या कित्येक पिढ्यांना काचेपलीकडचे पाणी दाखवले. मात्र काचेमागे एक जुना प्रश्न होताच: टाकी कोणाच्या मापाची, पाहणाऱ्याच्या की माशाच्या?

२/ या प्रश्नाचा उगम लंडनमध्ये. १८५० मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकाच पात्रात ठेवून पाण्याचा समतोल साधून दाखवला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह खुले झाले आणि छंदाला पंख फुटले.

३/ मोठा मासा मात्र हा समतोल मोडतो. तो खातो अधिक, त्याच्या मलमूत्रातून अमोनिया साचतो अधिक. प्राणवायू मिसळतो तो प्रामुख्याने पाण्याच्या पृष्ठभागावरून. त्यामुळे उंच, अरुंद टाकीपेक्षा तेवढ्याच पाण्याची लांब, रुंद टाकी त्याला मानवते.

४/ उंचीची किंमत काचेलाही मोजावी लागते. १ मीटर रुंद काचेमागे १ मीटर खोल पाणी असेल, तर तिच्यावर सुमारे ५०० किलोचा भार येतो. खोली दुप्पट झाली की तो चौपट होतो. मोठ्या मत्स्यालयांनी पुढे ॲक्रिलिक स्वीकारले, ते याच कारणाने. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर तारापोरवालात १२ फुटी ॲक्रिलिक बोगदा आला.

५/ आता घराकडे वळू. १९२० च्या दशकातील बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तीत ६×२×२ फुटांची टाकी ठेवली, तर ती खोलीचा तेरावा हिस्सा व्यापते आणि नुसत्या पाण्याचे वजन सुमारे ६८० किलो भरते. ॲमेझॉनचा चंदेरी अरवाना मात्र ३ फुटांपर्यंत वाढतो. म्हणजे २ फूट रुंदीत त्याला अंग मुडपल्याशिवाय वळताही येत नाही.

६/ दुकानात हाच अरवाना बोटभर असतो. फसगत तिथेच होते. टाकीचे माप आजच्या पिल्लावरून नव्हे, उद्याच्या पूर्ण वाढीवरून ठरवावे. आणि तेवढी जागा नसेल, तर लहान मासा निवडावा. दाटीवाटीने राहण्याचे दुःख या शहराला कोणी वेगळे सांगायला नको.